एम.एड.चे कॉलेज कसे निवडावे?

प्रश्न : बी.एड. करून मी माध्यमिक शाळेत शिकवते. आता एम.एड. करायचे आहे. कॉलेज निवडताना काय पाहू? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आधी प्राध्यापक पाहा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या निकषांनुसार ५० विद्यार्थ्यांमागे १० अध्यापक हवेत : दोन प्रोफेसर, दोन असोसिएट, सहा असिस्टंट. यादीतली माणसे खरोखर वर्गात येतात का, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. ऑफिसात नको, तिथे यादीच दाखवतील!

मग ग्रंथालयात जाऊन जुने लघुप्रबंध चाळा. एम.एड.चा खरा कस तिथेच लागतो. एकाच मार्गदर्शकाकडचे विषय केवळ तालुका बदलून पुन्हापुन्हा आले असतील, तर तिथे संशोधन शिकवले जात नाही, उरकले जाते. मार्गदर्शकाने स्वतः शाळेत शिकवले आहे का, हेही विचारा. मला ते पदव्यांइतकेच मोलाचे वाटते.

पुढे बी.एड. कॉलेजात शिकवण्याचा विचार असेल, तर नुसते एम.एड. पुरत नाही. आपल्या विषयाची पदव्युत्तर पदवीही लागते, आणि दोन्हींत किमान ५५ टक्के हवेत. तेव्हा एम.ए. किंवा एम.एस्सी. राहिले असेल, तर त्याचाही बेत आताच आखा.