गोल की : शाफ्टवर पुली पक्की बसवण्याची एक सोपी पद्धत

बँकेत नोकरी करणाऱ्या आणि कला शाखेची पदवी घेतलेल्या माणसाने यंत्राच्या भागांवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. म्हणून कारण आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेने एका महिला बचत गटाला शेवयांच्या मशीनसाठी कर्ज दिले होते. ऐन उन्हाळ्यात दोन हप्ते थकले, तेव्हा फील्ड ऑफिसरसाहेबांबरोबर मी तेथे गेलो. मोटर चालू होती, पट्टा फिरत होता, पुलीही फिरत होती. पण पुलीतला शाफ्ट जागचा हलत नव्हता. शेजारच्या लेथवाल्या दादांनी पाहिले आणि म्हणाले, "साहेब, याला कीच नाही." मी अहवालात लिहिले, 'मशीनची किल्ली हरवली आहे.'

दादा हसले. मग त्यांनीच मला जे समजावून दिले, ते मी पुढे ड्रॉइंगच्या पाठ्यपुस्तकांतून ताडून पाहिले. आयटीआय व डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडावे.

शाफ्टवर पुली, गिअर किंवा चाक नुसते घट्ट बसवून भागत नाही. भार आला की ते शाफ्टवर घसरू लागते. ते घसरू नये म्हणून दोघांच्या मध्ये धातूचा जो तुकडा अडकवतात, त्याला की म्हणतात. नेहमीची की चौकोनी असते. तिच्यासाठी शाफ्टमध्ये आणि पुलीच्या मधल्या जाड भागात, म्हणजे हबमध्ये, खाच पाडावी लागते. शाफ्टमधली खाच मिलिंगवर आणि हबमधली स्लॉटिंग मशीनवर पाडतात. गावातल्या लहान वर्कशॉपमध्ये ही मशीन बहुधा नसतात. बचत गटाच्या पुलीला नुसता एक ग्रब स्क्रू होता. तो झिजला आणि शाफ्टवर चरे पडले.

गोल की ही या अडचणीतली वाट आहे. पुली शाफ्टच्या टोकावर बसवायची आणि शाफ्ट व हब जेथे भिडतात त्या रेषेवर, शाफ्टला समांतर असे भोक पाडायचे. भोकाचा अर्धा भाग शाफ्टमध्ये, अर्धा हबमध्ये. त्यात गोल पिन ठोकली की झाले. लागते ते फक्त ड्रिल आणि रीमर. शिवाय चौकोनी खाचेच्या कोपऱ्यांत ताण एकवटतो व तेथून तडा जाण्याची भीती असते. गोल भोकाला कोपरेच नाहीत.

पिन सहसा निमुळती असते. उतार ५० ला १, म्हणजे ५० मिमी लांबीत व्यास १ मिमीने वाढतो. व्यास शाफ्टच्या साधारण पाव पट धरतात. आमच्या मशीनचा शाफ्ट २५ मिमीचा, म्हणून ६ मिमीची पिन घेतली, लांबी ३० मिमी.

एवढीशी पिन टिकेल का, ही माझी कारकुनी शंका. तिचा हिशेब असा. मोटर १ हॉर्सपॉवरची, म्हणजे ७४६ वॅट. तिचे मिनिटाला १४४० फेरे पुल्यांमुळे ४८० वर येतात. यावरून शाफ्टवरचा पीळ सुमारे १५ न्यूटन-मीटर निघतो. शाफ्टची त्रिज्या १२.५ मिमी, म्हणून पिनेवर येणारा जोर १२०० न्यूटन. पिन कातरली जाईल ती लांबीच्या दिशेने, मधोमध. ते क्षेत्रफळ ६ गुणिले ३०, म्हणजे १८० चौरस मिमी. भागाकार केला तर दर चौरस मिमीला ७ न्यूटनसुद्धा भरत नाहीत. साधे पोलाद याच्या कितीतरी पट सोसते. मात्र पीठ अडकून धक्का बसला तर जोर अनेक पटींनी वाढतो, म्हणून एवढी सवड हवीच. मोठ्या भाराच्या यंत्रांना गोल की वापरत नाहीत, ती हलक्या कामासाठीच.

खरे कसब भोक पाडण्यात आहे. पुली बिडाची, शाफ्ट पोलादी. बिडात ड्रिल सहज शिरते, पोलादात जड जाते, त्यामुळे ते मऊ बाजूकडे सरकते आणि भोक जवळजवळ सगळे हबमध्येच पडते. तसे झाले तर शाफ्टमध्ये पिनेला धरायला काही उरत नाही. यासाठी दादांनी सेंटर पंचाची खूण किंचित शाफ्टच्या बाजूला केली, आधी बारीक ड्रिल सावकाश घातले, मग मोठे. शेवटी निमुळता रीमर हाताने फिरवला आणि पिन हलक्या हातोडीने बसवली. (सायकलच्या क्रँकची कॉटर पिन अनेकांनी ठोकली असेल. ती आडवी बसते, ही उभ्या लांबीत.) संध्याकाळी शेवया निघू लागल्या. थकलेले दोन्ही हप्ते जूनअखेर जमा झाले.

या पद्धतीत दोन उणिवा आहेत. पुली शाफ्टच्या मध्यावर असेल तर ड्रिलच पोहोचत नाही. आणि भोक दोन्ही भाग जोडून एकदम पाडलेले असल्याने ती जोडी ठरून जाते. पुढच्या वर्षी ती पुली फुटली, तेव्हा गटातल्या ताईंनी बाजारातून तशीच नवी आणली. पण तिच्यात अर्धे भोक कुठले असणार? दादांनी जुन्या खाचेपासून पाव फेरा सोडून नवे भोक पाडले. या वेळी पिनेच्या जाड टोकात आटे पाडून घेतले, म्हणजे पुन्हा काढायची झाल्यास बोल्ट घालून ओढता येईल. जुनी अर्धगोल खाच शाफ्टच्या टोकावर अजून दिसते.