इनामगाव : ओस पडलेले गाव आणि त्याची वेस

राजांच्या वंशावळी पाठ करून घेणे म्हणजे इतिहास शिकविणे, ही समजूत आपल्याकडे अजून गेलेली नाही. म्हणून आम्ही वर्गात प्राचीन महाराष्ट्राची सुरुवात इनामगावापासून करतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही वस्ती सुमारे नऊशे वर्षे नांदली आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास ओस पडली. तेथे राजवाडा नाही, शिलालेखही नाही. आहेत त्या चुली, बळदे, रांजण आणि हाडे.

१९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनी येथे उत्खनन केले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. भरभराटीच्या काळातील घरे चौकोनी, ऐसपैस, कुडाच्या भिंतींची. पिके जव, गहू, मसूर यांची. पुराचे पाणी वळविण्यासाठी बांध आणि शेतीसाठी पाट होता. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर व त्याला लागून धान्यकोठार. सधन शेतकरीही मध्यभागीच. कुंभार, सोनार आदी कारागिरांची घरे मात्र पश्चिमेच्या कडेला.

येथे आमच्या वाचकांच्या मनात जे येईल, ते आमच्याही मनात आले होते. गावकुसाबाहेरचा आपला वाडा इतका जुना आहे काय? तसे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. कडेला राहणे म्हणजे अस्पृश्य असणे नव्हे. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास ठेवला आणि गोमांसभक्षणाशी त्याचा संबंध जोडला. इनामगावात तर गाई-बैलांची कापलेली, भाजलेली हाडे विपुल सापडतात. ती केवळ कडेच्या घरांपुरती नाहीत. विषमता तेथे होती. विटाळाचा पुरावा नाही. अस्पृश्यता सनातन आहे असे सांगणाऱ्यांना हे गाव साक्ष देत नाही, आणि आपणही घाईने त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत.

इ. स. पूर्व १००० नंतर चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती खालावते, शिकार व शेळ्यामेंढ्यांवरची भिस्त वाढते. हवामान कोरडे झाल्याने हे घडले, असे ढवळीकरांचे मत आहे. दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांना हे फार समजावून सांगावे लागत नाही.

मृतांना घरातच पुरीत. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत, तर प्रौढांना आडवे ठेवून, बहुधा घोट्यापासून पाय तोडून. मृताने परत उठून चालू नये, या समजुतीने तसे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मात्र त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेला एक पुरुष सापडला. त्याची पावले शाबूत होती. तो गावप्रमुख असावा, असे मानतात.

हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “गुरुजी, मग त्याची भीती कुणालाच वाटत नव्हती का?” आम्ही फळ्याकडे वळलो आणि थोडा वेळ खडूच शोधत राहिलो.