विजेचा जमाखर्च

मंडळी, थंडीत गव्हाला पाणी द्यायचे असते. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली, की शेतकरी घोंगडी पांघरून, हातात बॅटरी घेऊन बांधावर जातो. अंधारात साप असतो, विंचू असतो. उसाच्या रानात बिबट्याही असतो. घरची माणसे तो परत येईपर्यंत जागी असतात.

या जागरणाची किंमत वीजबिलात लिहिलेली नसते. पण ती मोजावी लागतेच. म्हणून आज आपण विजेचा पुरा जमाखर्च मांडू.

युनिट म्हणजे काय?

वीज युनिटात मोजतात. १,००० वॅटचे यंत्र १ तास चालले, की १ युनिट वीज खर्च होते.

आता घरातला दिवा घ्या. जुना पिवळा दिवा ६० वॅटचा. तो रोज ५ तास जळला, तर ३० दिवसांत ९ युनिटे जातात. तेवढाच उजेड देणारा एलईडी दिवा ९ वॅटचा. त्याला महिन्याला १.३५ युनिट पुरते. म्हणजे ७.६५ युनिटे वाचली. युनिटचा दर ६ रुपये धरा. महिन्याला सुमारे ४६ रुपये वाचले. नवा दिवा ९० रुपयांचा असला, तरी दोन महिन्यांत पैसे फिटले. पुढचा सगळा नफाच!

राज्याचा हिशेब

घराचा हिशेब तोच राज्याचा. फक्त आकडे मोठे. एक लाख घरांनी असा एकेक दिवा बदलला, तर महिन्याला ७ लाख ६५ हजार युनिटे वाचतात. औष्णिक केंद्रात एका युनिटाला अर्धा किलोहून जास्त कोळसा जळतो. अर्धा किलोच धरला, तरी ३८० टन कोळसा वाचला. तो खणायला नको, वाहायला नको. चंद्रपूरच्या आकाशात तेवढा धूरही कमी.

मग लोक नवा दिवा का घेत नव्हते? कारण तो महाग होता. २०१५ साली केंद्र सरकारने उजाला योजना सुरू केली. कोट्यवधी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी झाली. २०१४ साली जो दिवा खरेदीत ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ साली ३८ रुपयांवर आला. घाऊक माल स्वस्त पडतो, हे बाजारहाट करणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही.

फुकट म्हणजे कोणाचे?

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाचा खर्च १४,७६० कोटी रुपये, असा तेव्हाचा अंदाज होता. भागाकार करून पाहा. पंपामागे वर्षाला साधारण ३३ हजार रुपये येतात.

शेतकऱ्याला आधार हवा, यात वाद नाही. पण हे पैसे आकाशातून पडत नाहीत. ते सरकारी तिजोरीतून जातात. तिजोरी भरते तुमच्याआमच्या करांतून. शिवाय बिल येत नसले, की कमी वीज खाणारा पंप घ्यावा असे कोणाला वाटणार? पंप चालूच राहतो आणि विहिरीचा तळ दिसू लागतो.

सूर्याची वीज

दुसरी वाट सौर पंपाची. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीचा १० टक्के वाटा भरायचा. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के. बाकी भार सरकारचा.

समजा, लहान पंपाला दोन लाख रुपये पडले. त्याने सरकारचे वर्षाला २० हजार वाचवले. दहा वर्षांत खर्च फिटला. सौर पट्ट्या नीट राखल्या तर २० ते २५ वर्षे टिकतात. मोटार मात्र मध्येच दुरुस्तीला येते. तो खर्चही वहीत लिहावा.

यात खोटही आहे. पाणी द्यायचे नसते, तेव्हा पंप नुसता उभा राहतो. म्हणून २०१७ साली राज्याने सौर कृषी वाहिनी योजना काढली. उपकेंद्राजवळ मोठा सौर प्रकल्प उभारायचा आणि गावच्या सगळ्या पंपांना दिवसा वीज द्यायची. पंप बंद असले, की तीच वीज इतरांच्या कामी येते.

पाण्याचे काय? ऊनही फुकटच. सौर पंप दिवसभर चालवला, तर विहीर आटेलच. म्हणून सौर पंपाबरोबर ठिबक हवे.

आमचे सांगणे

कोणतीही योजना आली, की तीन गोष्टी विचाराव्यात. आज खर्च किती? तो किती वर्षांत फिटेल? पैसा कोणाचा आणि लाभ कोणाचा? ग्रामसभेत उभे राहून विचारा. आता तुम्हाला वाचता येते, आकडा मांडता येतो. मग संकोच कसला?

आणि त्या वहीत एक ओळ आमच्या वतीने लिहा. शेतकरी दिवसा पाणी देऊन दिवे लागणीला घरी आला, तर ती जमा कितीची धरायची?

प्रश्न

१. तुमच्या घरात किती दिवे आहेत? प्रत्येक दिव्याचे वॅट वाचून लिहा.
२. ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालला, तर ३० दिवसांत किती युनिटे लागतील?
३. तुमच्या गावात शेतीला वीज केव्हा येते? ती केव्हा यावी आणि का? पाच ओळी लिहा.