अस्तंब्याचा डोंगर

महाराष्ट्राचा नकाशा पुढे घ्या. अगदी वर, डाव्या कोपऱ्यात बोट ठेवा. हा नंदुरबार जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेला सातपुडा पसरला आहे. तिथेच अक्राणी तालुक्यात अस्तंब्याचे शिखर आहे. उंची सुमारे १,३२५ मीटर.

कळसूबाईवर बारा महिने माणसे चढतात. अस्तंब्याचे तसे नाही. एरवी बाहेरचा माणूस इकडे क्वचितच फिरकतो. धनत्रयोदशी आली की मात्र डोंगर जागा होतो. तळोद्याच्या बाजूने यात्रेकरू पायी निघतात. महाभारतातला अश्वत्थामा इथे राहतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला, ती जखम काही भरत नाही, म्हणून तो तेल मागत फिरतो, असे सांगतात. यात्रा सरली की डोंगर पुन्हा एकटा.

एकटा म्हटले खरे, पण आजूबाजूच्या पाड्यांवर भिल्ल आणि पावरा लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. उतारावर ज्वारी-मका पेरतात. उन्हाळ्यात कैऱ्या चिरून उन्हात वाळत घालतात. धडगावचे आमचूर म्हणतात ते हेच. आपल्या आमटीत पडते, पण कुठून आले ते आपण विचारतो का?

आता पाण्याचे बघू. सातपुड्याच्या दक्षिणेला तापी, उत्तरेला नर्मदा. मधला डोंगर म्हणजे घराचे आढे समजा. आढ्यावर पाऊस पडला की थोडे पाणी पुढच्या पाखीवरून जाते, थोडे मागच्या. तसेच इथे होते. एका अंगाचे पाणी तापीला मिळून सुरतेकडे जाते, दुसऱ्या अंगाचे नर्मदेला मिळून भडोचकडे.

पाऊस इथे कमी नाही. पण खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर आणि उतार उभा. झाडे तुटली की पाणी थांबत नाही. जाताना मातीही घेऊन जाते. मग पावसाळ्यात धो धो वाहणारा नाला उन्हाळ्यात कोरडा पडतो. बायका हंडे घेऊन खाली झऱ्यावर जातात आणि भरला हंडा डोक्यावर घेऊन चढ चढतात. शेतात माती उरली नाही, की माणसे कामासाठी गुजरातेत जातात. नर्मदाकाठची गोष्ट वेगळीच. तिथे पाणी इतके आले, की सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांना झळ पोचली.

उतारावर आडवे चर खणले, की पळते पाणी थबकते आणि जमिनीत मुरते. चर उताराच्या दिशेने उभा खणू नये. तो ओहोळ होतो. चराच्या खालच्या अंगाला निघालेल्या मातीचा बांध घालावा आणि त्यावर आंबा लावावा. आंबा माती धरतो, आणि पुढे आमचुराला कैरीही देतो.