वाफ्यातील हंगामी फुलझाडे : आधी निदान, मग उपाय

कोलकात्यात पावसाळा ओसरताच झेंडू, पेट्युनिया, डायँथस, कॅलेंडुला यांची रोपे वाफ्यांत लावली जातात. १८२० मध्ये विल्यम केरी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या, आज अलीपूर येथे असलेल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या उद्यानापासून घरगुती बागांपर्यंत हाच क्रम दिसतो. मात्र गंगेच्या गाळाची जमीन ओल धरून ठेवते व हवाही दमट असते. कोकणातील भारी जमिनीतही स्थिती फारशी वेगळी नसते. रोप मलूल दिसताच बुरशीनाशक फवारल्यास खर्च वाया जातो व खरे कारण वाफ्यात तसेच राहते.

लक्षणांवरून निदान

रोपमर : खोड जमिनीलगत पाणीदार होऊन आकसते व रोप कोलमडते. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी दाट पेरणी व साचलेल्या पाण्यात फोफावतात.

जिवाणूजन्य मर : पाने हिरवी असतानाच झाड सुकते. खोडाचा ताजा तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात टांगून धरावा. काही मिनिटांत दुधाळ धार उतरल्यास जिवाणूची खात्री पटते. यावर बुरशीनाशक निरुपयोगी ठरते.

लाल कोळी : पानांवर बारीक फिकट ठिपके, मागे जाळी. पान पांढऱ्या कागदावर झटकावे. ठिपके चालू लागल्यास तो रोग नसून कोळी आहे. कोरड्या हवेत त्याचा प्रादुर्भाव वाढतो.

पर्णगुच्छ : झेंडूची फुले हिरवी, पानांसारखी होतात. कारक फायटोप्लाझ्माचा प्रसार तुडतुडे करतात. अशी झाडे बरी होत नाहीत.

प्रतिबंध

• रोपवाटिकेसाठी १५ ते २० सें.मी. उंचीचे गादीवाफे करावेत. बी विरळ पेरावे.
• प्रति किलो बियाण्यास ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे.
• उन्हाळ्यात ओलसर वाफे पारदर्शक प्लास्टिकने ४ ते ६ आठवडे झाकावेत.
• पाणी सकाळी, मुळाशी द्यावे.
• जिवाणूजन्य मर आढळलेल्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा झेंडू पुन्हा घेऊ नये. रोगट झाडे मुळासकट उपटून नष्ट करावीत. ती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत.
• कोळ्यांसाठी प्रथम पानांच्या मागील बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी शिवारफेरीत भिंग, कोरा कागद व काचेचा पेला सोबत ठेवावा. या तीन साध्या साधनांनी अनेक अनावश्यक फवारण्या टळू शकतात.