मागणीनुसार उत्पादन : पाटाची जुनी शिकवण

मागणी आल्यावरच वस्तू घडविण्याची पद्धत गोव्याला नवी नाही. पेडणे व डिचोली तालुक्यांत चवथीपूर्वी यजमान आपला पाट चित्रशाळेत पोहोचवितो आणि मूर्तिकार त्याच पाटावर चिकणमातीचा गणपती साकारतो. पाट हीच मागणीची नोंद. त्यामुळे माल पडून राहत नाही व भांडवलही अडकत नाही.

डिचोलीच्या मातीच्या भांड्यांना व पितळी समयांना आज मोबाईलवरून दूरच्या गिऱ्हाइकाचीही मागणी येऊ शकते. मात्र माती सुकण्याचा वेळ त्यामुळे घटत नाही. पावसाळ्यात तर तो वाढतोच. आवाक्याबाहेर मागणी स्वीकारल्यास मुदत चुकते व विश्वास गमावला जातो.

यास्तव कारागिराने पुढील दक्षता घ्यावी :

१. आकार, किंमत व मुदत लिहून ठेवावी.
२. काही रक्कम आगाऊ घ्यावी.
३. वेष्टन, वाहतूक व फूटतूट यांचा खर्च किमतीत धरावा.
४. सुकविण्याची जागा पाहूनच मागणी स्वीकारावी.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभार व मूर्तिकार यांचा समावेश आहे. तीत पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. नोंदवही ठेवण्यास गावातील शिक्षकांनी साहाय्य केल्यास कारागिराचे हात कामासाठी मोकळे राहतील.