कंडेन्सरची नळी आणि मेटलर्जीचा प्रवेश

मेटलर्जीला नंबर लागला की घरात सुतकी शांतता पसरते, हे मी दरवर्षी पाहतो. ‘कम्प्युटर नाही, तर निदान मेकॅनिकल तरी’ म्हणत आई-वडील पुढच्या फेरीकडे डोळे लावून बसतात. अशांना मी पॅकेजचे आकडे सांगत नाही, कंडेन्सरची नळी समजावून सांगतो.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे पाच संच आहेत. अशा संचात टर्बाइन फिरवून झालेली वाफ खाली कंडेन्सरमध्ये उतरते. तिथे साधारण इंचभर व्यासाच्या हजारो नळ्या आडव्या बसवलेल्या असतात. आतून गार पाणी वाहतं. बाहेरून वाफ लागते आणि पाणी होऊन खाली पडते. हे पाणी पुन्हा बॉयलरला जातं. वाफेचं पाणी होताना आकारमान हजारो पटींनी घटतं, त्यामुळे आतला दाब वातावरणाच्या दहाव्या हिश्शापर्यंत उतरतो. या दाबाला पाणी ४५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे वाफेकडून तितकं खालपर्यंत काम करून घेता येतं. हा व्हॅक्यूम बिघडला की तेवढ्याच कोळशात वीज कमी मिळते.

मग नळी कशाची करायची? पितळ उष्णता छान वाहून नेतं. जुन्या पसंतीच्या ॲडमिरल्टी पितळात तांबं सत्तर टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक जस्त आणि टक्काभर कथील असतं. पण पाणी वाईट असेल तर त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. ते रोखायला किंचित आर्सेनिक घालतात. वाफेतल्या अमोनियाने पितळ बाहेरूनही खाल्लं जातं. ३०४ स्टेनलेस स्टील अमोनियाला दाद देत नाही, पण पाण्यात क्लोराइड वाढलं की त्याला बारीक भोकं पडतात. तारापूरसारखं समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं केंद्र असेल तर तांबे-निकेल किंवा टायटॅनियमचा विचार होतो. टायटॅनियम उष्णता वाहून नेण्यात पितळापेक्षा बरंच मागे आहे. तरी ते चालतं, कारण गंजत नाही, म्हणून नळी अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीची करता येते. मात्र इतकी पातळ नळी वाफेच्या झोताने थरथरते. आधारपट्ट्या जवळजवळ घ्याव्या लागतात. हा सगळा वाद म्हणजेच मेटलर्जी. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी आणि आयआयटी मुंबई इथे हा विषय शिकवतात.

एक नळी फुटली तर पाणी बाहेर येत नाही. व्हॅक्यूममुळे ते आत, बॉयलरच्या शुद्ध पाण्यात ओढलं जातं. हे आधी कळतं ते प्रयोगशाळेत, पाण्याची विद्युतवाहकता वाढल्यावर. तिथे बसलेली व्यक्ती बहुधा केमिस्ट्रीची पदवीधर असते. बीएस्सीला ‘पुढे काय?’ म्हणणाऱ्यांच्या गावीही हे नसतं. मग शटडाउनमध्ये एडी करंटने एकेक नळी तपासतात आणि खराब निघालेल्या नळीला दोन्ही टोकांना प्लग मारतात. नवी नळी ट्यूबशीटमध्ये, म्हणजे नळ्यांची टोकं धरणाऱ्या जाड पत्र्यात, फुलवून बसवणं हे आयटीआय फिटरचं कसब: कमी फुलवली तर गळते, जास्त फुलवली तर भिंत पातळ होते.

तपासणीच्या क्षेत्रात मुलींनाही चांगला वाव आहे. पण थोड्या दिवसांत एनडीटी (वस्तू न मोडता करायची तपासणी) लेव्हल टू आणि लगेच आखाती देशात नोकरी, अशा जाहिरातींना भुलू नका. लेव्हल टूला प्रशिक्षणाच्या तासांसोबत प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो. शिवाय रात्रपाळी, उकाडा आणि अरुंद जागेत शिरून काम करणं हे या क्षेत्रात आलंच. मुलाला ते झेपेल का, हे त्यालाच विचारा.

घराजवळ सहवीजनिर्मिती असलेला साखर कारखाना असेल तर गळीत हंगाम संपल्यावर आत जायची परवानगी मागा. त्या दिवसांत दुरुस्ती चालू असते. कंडेन्सर उघडलेला असेल तर ट्यूबशीट समोरच दिसते, आणि फिटर मोकळेपणाने बोलतात.